वकिलात म्हणते ‘निघा’: आदिस अबाबा, नोव्हेंबर २०२१

माळवद (धागाकर्ता)

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस मालीच्या राजधानीत, बामाकोत, अमेरिकन वकिलातीने आपल्या नागरिकांना कळवलं की मिळेल त्या प्रवासी विमानाने ताबडतोब देश सोडा. जिहादी बंडखोरांनी शहराकडे येणारे इंधनाचे टँकर अडवून धरले होते. पंपांवर रांगा लागल्या होत्या आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. ती बातमी वाचली आणि चार वर्षांपूर्वीचं जवळजवळ तेच वाक्य डोळ्यांसमोर आलं. तेव्हा ते मी कॉफी पिता पिता, दुसऱ्याच्या फोनवर वाचलं होतं. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

मी इथिओपियात एका सरकारी विद्यापीठात शिकवत होतो. तिकडे भारतीय मास्तर ही नवलाई नाही. सम्राट हैले सेलासींच्या काळापासून आपले शिक्षक तिथल्या गावोगावच्या शाळांत आहेत. रस्त्यात एखादा म्हातारा थांबवून सांगतो, मला गणित भारतीय मास्तरांनी शिकवलं. त्या एका वाक्यावर आम्हाला तिथे जो मान मिळतो, तो आम्ही स्वतः कमावलेला नाही.

आदिसमध्ये बोले भागात एका बाईंच्या घरात वरच्या दोन खोल्या माझ्याकडे होत्या. त्यांना सगळे एमाये म्हणायचे, म्हणजे आई. तळमजल्यावर मागच्या खोलीत एक तिग्रायी भाडेकरू होता. एका आंतरराष्ट्रीय संस्थेत तो ड्रायव्हर होता. आणि एमायेंची भाची, वय तिशीच्या आत, अमेरिकेत वाढलेली, अमेरिकन पासपोर्टवाली, दोन वर्षांपूर्वी काहीतरी धंदा उभा करायला परत आली होती. एका घरात चार माणसं आणि तीन तऱ्हेचे कागद. पुढचं सगळं त्या कागदांवरून घडलं.

लढाईची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. पंतप्रधान अबी अहमद यांचं केंद्र सरकार आणि उत्तरेच्या तिग्राय प्रांतात सत्तेवर असलेला टीपीएलएफ हा पक्ष यांच्यात नोव्हेंबर २०२० मध्ये युद्ध पेटलं. महिनाअखेर केंद्राच्या फौजा मेकेले या प्रांताच्या राजधानीत शिरल्या. सात महिन्यांनी, जून २०२१ मध्ये, तिग्रायींनी मेकेले परत घेतलं आणि नंतर ते दक्षिणेकडे सरकू लागले. ऑक्टोबर संपता संपता देस्ये आणि कोंबोल्चा ही दोन मोठी शहरं पडल्याच्या बातम्या आल्या. देस्ये आदिसपासून सुमारे ४०० किलोमीटरवर, म्हणजे आपल्या मुंबई–कोल्हापूरइतकं. मधे एकच मोठा रस्ता.

२ नोव्हेंबरला आणीबाणी जाहीर झाली. शहर प्रशासनाने लोकांना सांगितलं की घरातली शस्त्रं नोंदवा आणि आपापला मोहल्ला राखायची तयारी ठेवा. आपल्याच महापालिकेकडून असं काही ऐकायची वेळ आली तर कसं वाटेल, याचा विचार करून बघा. दुकानं उघडी होती, टॅक्सी चालू होत्या, विद्यापीठात वर्ग भरत होते. आणि रात्री घराघरांतून ओळखपत्रं तपासली जात होती.

अमेरिकन वकिलातीची भाषा त्या महिन्यात पायरीपायरीने बदलत गेली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अत्यावश्यक नसलेले कर्मचारी आणि सगळ्यांची कुटुंबं यांना सक्तीने मायदेशी पाठवायचा आदेश निघाला. नागरिकांना सांगितलं, प्रवासी विमानं चालू आहेत तोवर निघा. तिकिटाला पैसे नसतील तर वकिलात कर्ज देईल. आणि एक गोष्ट वॉशिंग्टनहून पुन्हा पुन्हा बजावली गेली: लष्करी विमानं येतील अशी आशा धरू नका. काबूल पडून तेव्हा तीन महिनेच झाले होते. विमानाच्या मागे धावणारी माणसं सगळ्या जगाने पाहिली होती.

भाची हे निरोप आम्हाला वाचून दाखवायची. एमाये रोज दुपारी बुना करायच्या. ‘बुना’ म्हणजे कॉफी, पण तिथे तो विधी आहे. जमिनीवर हिरवं गवत पसरायचं, कच्च्या बिया तव्यावर भाजायच्या, त्यांचा धूर सगळ्यांनी हाताने आपल्याकडे ओढून घ्यायचा, मग जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत कॉफी उकळायची. तीन वेळा ओततात. पहिली अबोल, दुसरी तोना, तिसरी बरका, म्हणजे आशीर्वादाची. तिसरी न घेता उठणं बरं दिसत नाही. दुसऱ्या कपाच्या सुमारास भाची फोन काढायची, इंग्रजीत वाचायची आणि मग अम्हारिकमध्ये सांगायची. ड्रायव्हर मान खाली घालून ऐकायचा. एमाये कप धुवायच्या. एकदा त्यांनी एवढंच विचारलं, “यात आपल्याबद्दल काही आहे का?” भाचीने फोन खाली ठेवला.

नव्हतंच. वकिलातीचं पत्रक तिच्या पासपोर्टवाल्यांसाठी असतं, दुसऱ्या कुणासाठी ते लिहिता येत नाही. हे मला कायद्याने कळत होतं, पण त्या खोलीत बसून कळणं वेगळं होतं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात परिस्थिती घसरत गेली. बंडखोर शेवा रोबितपर्यंत आले, मग देब्रे सिनाच्या आसपास, आदिसपासून २०० किलोमीटरच्या आत. देब्रे सिनाच्या वर तरमाबेर घाट आहे, तिथे इटालियनांनी १९३० च्या दशकात खणलेला बोगदा आहे. मी एकदा त्यातून गेलो होतो. वर थंड धुकं, खाली खोल दरी. तो घाट ओलांडला की पठार लागतं आणि मग शहरापर्यंत अडवायला काही नाही, असं जो तो म्हणायचा. २२ तारखेला अबींनी जाहीर केलं की मी स्वतः आघाडीवर जातोय. कारभार उपपंतप्रधानांकडे दिला. धावपटू हैले गेब्रेसेलासी म्हणाले, मीही जाईन. त्याच दोन-तीन दिवसांत जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटनने आपापल्या नागरिकांना निघायला सांगितलं. संयुक्त राष्ट्रांनी आपल्या परदेशी कर्मचाऱ्यांची कुटुंबं हलवायला घेतली.

आमचा ड्रायव्हर तोवर घरात नव्हता. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका रात्री पोलीस आले, ओळखपत्र बघितलं आणि त्याला घेऊन गेले. त्याच दिवसांत संयुक्त राष्ट्रांचे किमान सोळा स्थानिक कर्मचारी आदिसमध्ये अटकेत असल्याचं खुद्द संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं होतं. इथिओपियाच्याच मानवी हक्क आयोगाने म्हटलं की अटका वंशावरून होताना दिसतात, त्यात म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बायाही आहेत. एकाच संस्थेतल्या परदेशी साहेबाच्या मुलांसाठी विमान, आणि त्यांना रोज शाळेत सोडणाऱ्याला कोठडी. हे मी दुरून वाचलेलं नाही. त्याच्या चपला जिन्याखाली तशाच होत्या.

शहर पडलं नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारी फौजांनी, ड्रोनच्या बळावर, शेवा रोबित आणि मग देस्ये, कोंबोल्चा परत घेतलं. २० डिसेंबरला टीपीएलएफने तिग्रायमध्ये माघार घेत असल्याचं जाहीर केलं. २ नोव्हेंबर २०२२ ला प्रिटोरियात करार झाला.

तेव्हापासून एक वाक्य मी तिथल्या मित्रांकडून शंभरदा ऐकलंय: “बघा, अमेरिकन वकिलातीने उगाच घबराट पसरवली.” मला हे पटत नाही, आणि म्हणूनच हा धागा. शहर पडेल असं वकिलात सांगत नसते. शहर पडलंच तर त्या दिवशी तुला न्यायला माझ्याकडे काही नसेल, एवढंच ती सांगते. ते खरं होतं. मात्र त्या खऱ्या गोष्टीने बाकीच्या शहराचं काय होतं, याचाही विचार व्हायला हवा. तुमची मतं लिहा. कुणी अशा शहरात राहिलं असेल तर जरूर लिहा.

---

सुपारी

वाचताना काटा आला. चपलांचं वाक्य विसरता येणार नाही. तुम्ही स्वतः निघालात की राहिलात, ते लिहिलं नाहीत.

---

उलटतपासणी

लेख मनापासून आवडला, पण निष्कर्षाला माझा विरोध आहे.

तारखा बघा. २ नोव्हेंबरला बायडेन यांनी जाहीर केलं की इथिओपियाला अमेरिकन बाजारात मिळणारी करमुक्त सवलत नव्या वर्षापासून बंद. हवासाच्या औद्योगिक वसाहतीत कपडे शिवणाऱ्या हजारो मुलींच्या पोटावर पाय आला. त्याच आठवड्यात टीपीएलएफने आणखी आठ गटांबरोबर आघाडी केली, आणि त्या करारावर सह्या कुठे झाल्या? वॉशिंग्टनमध्ये. त्याच आठवड्यात वकिलातीचं ‘निघा’. तिथल्या सामान्य माणसाने या तिन्ही गोष्टी एकत्र जोडल्या तर त्याचं काय चुकलं? वकिलात रोज एक इशारा काढते, जगभरच्या वाहिन्या तो दाखवतात, गुंतवणूकदार पळतात, पर्यटक येत नाहीत, डॉलर मिळेनासा होतो. सरकार खिळखिळं करायला याहून स्वस्त हत्यार नाही. इथिओपियाचं सरकार जाहीरपणे हेच म्हणत होतं. अमेरिकन आणि ब्रिटिश वकिलातींसमोर निदर्शनं झाली ती काही उगाच नाही.

आणि शेवटी शहर पडलं नाहीच. तुम्ही म्हणता की त्याने काही सिद्ध होत नाही. मग काय घडलं तर पत्रक चुकलं असं तुम्ही मान्य कराल?

---

वाटाड्या

उलटतपासणी, प्रश्न रास्त आहे. माझी बरीच वर्षं प्रवासी विम्याच्या कामात गेली. अशी पत्रकं वाचणं हेच काम होतं, म्हणून त्या बाजूने लिहितो.

अमेरिकन वकिलात इशारे का छापते, याला एक जुनी जखम आहे. डिसेंबर १९८८ मध्ये लॉकरबीवर पॅन ॲमचं विमान स्फोटाने पडलं, २७० माणसं गेली. नंतर बाहेर आलं की काही दिवस आधी हेलसिंकीत एक निनावी धमकीचा फोन आला होता आणि त्याची सूचना मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीच्या फलकावर लागली होती. म्हणजे वकिलातीतल्या लोकांना माहीत, तिकीट काढलेल्या विद्यार्थ्याला नाही. धमकी खरी होती की पोकळ, हा वेगळा मुद्दा. मेलेल्यांच्या आईबापांनी हा भेदभाव पचवला नाही, आणि त्यातून नियम झाला: धोक्याची जी माहिती सरकारी माणसांना सावध करायला वापरली, ती साध्या नागरिकालाही द्यायची. दोघांना वेगळी फूटपट्टी नाही.

आता आदिसमध्ये लावून बघा. कर्मचाऱ्यांची कुटुंबं मायदेशी पाठवायचं ठरलं त्या क्षणी ते जाहीर करणं भाग होतं. तेव्हाच्या राजदूत गीता पासी, भारतीय वंशाच्या, आधी जिबूती आणि चाड या देशांतही राजदूत राहिलेल्या. त्यांना यजमान सरकारला न दुखवता गुपचूप हे करायचं असतं तरी करता आलं नसतं.

बाजारावर परिणाम होतो हे शंभर टक्के खरं. अशा एका पत्रकाने विम्याचे दर त्याच दिवशी बदलतात, हे मी स्वतः केलेलं काम आहे. पण हेतू आणि परिणाम यांत फरक करायला हवा. सवलत काढणं हे दबावाचं हत्यार होतं, ते उघड होतं. पत्रक त्यात घालू नये.

पत्रक चुकलं कधी म्हणायचं? विमानतळ बंद झाल्यावर निघालं तर.

---

गोदाकाठ

वाटाड्यांच्या शेवटच्या वाक्यावर लिहिते, कारण आमच्या घरात ते घडलंय.

माझा धाकटा भाऊ सुदानच्या राजधानीत, खार्तुममध्ये होता. १५ एप्रिल २०२३, शनिवार. सकाळी उठला तर गोळीबार, आणि पहिल्या काही तासांतच विमानतळ लढाईच्या मधोमध. तिथे कुणी शहरावर चालून येत नव्हतं, एकमेकींशी लढणाऱ्या दोन्ही फौजा शहरातच होत्या. ‘प्रवासी विमानं चालू आहेत तोवर निघा’ असं म्हणायला एक दिवससुद्धा मिळाला नाही. आपल्या वकिलातीची इमारतही त्याच धुमश्चक्रीत होती, कर्मचारी दुसरीकडून काम करत होते. भाऊ आणि त्याच्याबरोबरचे लोक नऊ दिवस एका तळघरात. वीज नाही, पाणी टाकीतलं, फोन दिवसातून एकदा चालू करून ‘आहे’ एवढाच निरोप. आई त्या एका शब्दासाठी दिवसभर मोबाइल हातात धरून बसायची.

मग ‘ऑपरेशन कावेरी’. बसने पोर्ट सुदान, साडेआठशे किलोमीटरच्या आसपास, वाटेत दोन्ही बाजूंच्या चौक्या. तिथून नौदलाच्या जहाजाने जेद्दा, जेद्दाहून विमानाने मुंबई. एकूण ३,८६२ माणसं आणली. वादी सय्यिदना नावाच्या, दिवेही नसलेल्या धावपट्टीवर आपल्या हवाई दलाचं विमान रात्री अंधारात उतरलं आणि १२१ जणांना घेऊन गेलं. मी त्या वैमानिकांना आयुष्यभर विसरणार नाही.

अमेरिकनांनी आपली शंभराच्या आतली वकिलातीची माणसं हेलिकॉप्टरने काढली. आणि त्या गडबडीत, व्हिसासाठी जमा असलेले सुदानी लोकांचे पासपोर्ट वकिलातीतल्या इतर कागदांबरोबर नष्ट केले गेले. चुकीच्या हातात कागद पडू नयेत हा तिथला नियमच आहे म्हणे. पण ज्याचा पासपोर्ट गेला त्याला कुठल्याच सीमेवरून बाहेर पडता येईना. भावाच्या ऑफिसातला एक जण त्यात होता.

म्हणून आदिसमध्ये लोकांना तीन आठवडे आधी सांगितलं गेलं, याला मी नशीब म्हणते.

---

कृष्णाकाठ

माळवद, तुम्ही बोलेत होता तेव्हा आम्ही वोंजीला. साखर कारखान्यावर. आदिसपासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, अदामाजवळ. आमच्या सांगली-कोल्हापूरकडची पोरं आफ्रिकेतल्या साखर कारखान्यांवर जिथं तिथं दिसतील बघा. इथिओपियात आपल्या सरकारनं साखर कारखान्यांसाठी कर्ज दिलेलं, त्यामुळं तिकडं येणंजाणं जास्त.

आम्हाला आदिसची काळजी कमी, मिलेची जास्त. मिले कुठं? अफार भागात, जिबूतीच्या रस्त्यावर. इथिओपियाला समुद्र नाही. ९० टक्क्यांच्या वर माल जिबूती बंदरातनं येतो. तिग्रायवाले एकीकडं आदिसच्या रस्त्यानं येत होते आणि दुसरीकडं मिलेला हा रस्ता तोडायला बघत होते. तो तुटला असता तर डिझेल, खत, आमचे स्पेअर, सगळं बंद. शहरात एक गोळी न चालवता शहर गुडघ्यावर. अफारच्या लोकांनी मिले सोडलं नाही म्हणून वाचलं. तुम्ही बामाकोचं लिहिलंय ना टँकरचं, ते वाचल्यावर मला पयलं हेच आठवलं.

आता वकिलातीच्या ‘निघा’चं. निघायला पासपोर्ट लागतो. आमचे पासपोर्ट ठेकेदाराच्या ऑफिसात, कपाटात. परमिटच्या कामाला लागतात म्हणून घेतलेले आणि दिलेच नाहीत. २३-२४ तारखेला आम्ही अकरा जण त्या ऑफिसाच्या पायरीवर बसलो. साहेब म्हणायचा, काही होत नाही, गळीत हंगाम आहे, कुठं जाता. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या पॅनमननं, म्हणजे रस आटवून साखर पाडणाऱ्यानं, सांगितलं की पासपोर्ट हातात आल्याशिवाय पॅनवर पाय ठेवत नाही. अर्ध्या तासात कपाट उघडलं.

आणि पासपोर्ट मिळाल्यावर निघालं किती जण? तीन. बाकीचे राहिलो. पासपोर्ट उशाखाली घेऊन झोपलो आणि हंगाम काढला. एवढंच पाहिजे होतं माणसाला. जायचं की राहायचं हे आपलं आपण ठरवता यावं.

---

माळवद (धागाकर्ता)

कृष्णाकाठ, मिलेचा मुद्दा मी लिहायला हवा होता. आमचं सगळं लक्ष त्या घाटाकडे होतं. आणि अकरा जण त्या पायरीवर बसलात, त्याला सलाम.

उलटतपासणी, तुमच्या प्रश्नाला वाटाड्यांनी उत्तर दिलंय, तेच माझं. पण एक भर घालतो. एक निरोप मलाही नको होता असा वाटला. अमेरिकन विमान वाहतूक खात्याने वैमानिकांना इशारा दिला की बोले विमानतळाच्या आसपास जमिनीवरून गोळीबाराचा धोका उद्भवू शकतो. मी विमानतळापासून पायी जाण्याच्या अंतरावर राहायचो. विमानं रोज वेळेवर चढत-उतरत होती. त्या दिवशी गल्लीतला दुकानदार मला म्हणाला, “ते आमचं विमानतळ बंद पाडणार.” इथिओपियन एअरलाइन्स ही त्या देशाच्या अभिमानाची जागा आहे, तिच्यावर बोट ठेवलं की घरातल्या माणसावर ठेवल्यासारखं होतं. त्याचा संताप मला कळला. आपण सगळे एकाच नकाशाकडे बघत होतो, पण त्याच्यासाठी ते घर होतं.

याच काळात सरकारनेही वकिलातींना आपली बाजू दाखवून दिली. आयर्लंडच्या सहापैकी चार राजनैतिक अधिकाऱ्यांना देश सोडायला सांगितलं, कारण सुरक्षा परिषदेत आयर्लंड फार बोलत होतं. म्हणजे ‘निघा’ दोन्हीकडून चालू होतं.

सुपारी, मी निघालो. त्याबद्दल नंतर लिहितो.

---

जास्वंद

मी १९९१ चं सांगते. तेव्हा बारा वर्षांची होते आणि आदिसमध्ये होते. बाबा तिथे शाळेत शिकवायचे, माळवद म्हणतात तसे गणिताचेच मास्तर.

तेव्हा याच टीपीएलएफवाल्यांची आघाडी बंडखोर म्हणून उत्तरेकडून येत होती, आणि राजधानीत मेंगिस्तूंची लष्करी राजवट. २१ मे १९९१ ला मेंगिस्तू विमानात बसून देशाबाहेर गेले, झिंबाब्वेला. रेडिओवर ऐकलं तेव्हा बाबांनी खिडक्या लावल्या आणि आईने सगळं पीठ मळून चपात्या करून ठेवल्या. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्या आठवड्यात तीन वकिलातींनी तीन गोष्टी केल्या, आणि मला वाटतं तुमच्या धाग्याला त्या हव्यात.

इस्रायलने आपले म्हणून मानलेले इथिओपियन ज्यू, गोंदरकडचे, महिनोन्महिने आदिसमध्ये आणून ठेवले होते. वकिलातीच्या आवारात त्यांची नोंद, शाळा, दवाखाना, सगळं चालायचं. आम्ही जाता-येता बघायचो, पांढऱ्या शम्मा पांघरलेल्या बायकांची गर्दी. २४ आणि २५ मे, ३६ तासांत चौदा हजारांवर माणसं विमानाने नेली. खुर्च्या काढलेली विमानं. एका जंबोत हजाराच्या वर माणसं बसली. त्यासाठी जाणाऱ्या सरकारला साडेतीन कोटी डॉलर मोजले. त्यांच्या कपाळावर नंबर चिकटवलेले होते, घरच्यांची चुकामूक होऊ नये म्हणून. शेजारच्या गल्लीतली माझ्या वर्गातली एक मुलगी त्यात गेली. दप्तर शाळेतच राहिलं.

अमेरिकनांनी लंडनमध्ये बोलणी चालवली होती, आणि शेवटी त्यांच्याच संमतीने बंडखोर शहरात आले, शहरात लूटमार होऊ नये म्हणून. २८ मेची पहाट. रणगाडे, आणि त्यांच्यामागे अर्ध्या चड्डीतली, माझ्या मावसभावाच्या वयाची मुलं. त्यावरून शहरात अमेरिकेविरुद्ध निदर्शनंही झाली.

आणि इटलीची वकिलात. पडलेल्या राजवटीतले बडे अधिकारी भिंतीआड आश्रयाला गेले. पुढे त्यांना नरसंहाराच्या खटल्यात गैरहजेरीत फाशी सुनावली गेली, आणि फाशी मानत नाही म्हणून इटलीने त्यांना सोपवलं नाही. काही तिथेच वारले. शेवटचे दोघे, एक माजी परराष्ट्रमंत्री आणि एक माजी लष्करप्रमुख, डिसेंबर २०२० मध्ये शिक्षा कमी झाल्यावर बाहेर आले. जवळजवळ तीस वर्षं. मी लग्न करून, मुलं वाढवून, केस पांढरे करून झाले, आणि ती माणसं त्याच आवारात.

ज्यांच्या सह्यांवरून लोक नाहीसे झाले त्यांना भिंत मिळाली. आमच्या शाळेच्या शिपायाचा मुलगा त्याच राजवटीने सक्तीने सैन्यात नेला होता, तो परत आलाच नाही. त्याच्या आईला कुणाच्या दारात जायचं, हे कुणी सांगितलं नाही. तुमच्या एमायेंचा प्रश्न मला नवा वाटला नाही.

---

उलटतपासणी

जास्वंदताई, वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

माझा मुद्दा थोडा मागे घेतो. पत्रक काढणं हा नियम असेल, मान्य. पण सवलत काढणं, लंडनची बोलणी, वॉशिंग्टनमधल्या सह्या, हे विसरून आदिसच्या माणसाने ते पत्रक कोरं वाचावं अशी अपेक्षा करू नये. १९९१ पाहिलेल्या शहराला २०२१ चा इशारा ‘सावध राहा’ असा ऐकू येत नाही, ‘आमचं ठरलंय’ असा ऐकू येतो.

---

जास्वंद

हो, आमच्या शेजारच्या आजी तेव्हा असंच म्हणाल्या असत्या. पटतं मला.

---

वाटाड्या

यावर माझ्याकडेही उत्तर नाही, आणि हे वाक्य विमा कंपन्यांनी वाचायला हवं.

स्थानिक कर्मचाऱ्यांबद्दल एकच लिहितो. वकिलातीत निम्म्याहून अधिक काम स्थानिक माणसं करतात: चौकीदार, ड्रायव्हर, दुभाषे, हिशेबनीस, व्हिसाच्या खिडकीमागचे. ‘अत्यावश्यक नसलेले कर्मचारी परत’ हा आदेश त्यांना लागू नसतो, कारण त्यांचं परत म्हणजे तीच गल्ली. साहेब गेल्यावर कुलपं त्यांच्याच हातात राहतात. काही महिन्यांचा आगाऊ पगार द्यावा, निघताना एक सहीशिक्क्याचं पत्र द्यावं, एवढं तरी प्रत्येक वकिलातीने आणि संस्थेने करावं असं मला मनापासून वाटतं. कुठे कुठे करतातही.

---

सुपारी

भाची गेली का? आणि ड्रायव्हर?

---

माळवद (धागाकर्ता)

सुपारी, सांगतो.

भाची २५ नोव्हेंबरला गेली. दोनदा तिकीट काढून दोनदा रद्द केलं. तिसऱ्यांदा एमायेंनीच तिची बॅग दाराबाहेर नेऊन ठेवली. जाताना तिने आपला जुना फोन एमायेंना दिला, इथलं सिम तसंच ठेवून, व्हिडिओवर बोलता यावं म्हणून.

मी दोन दिवसांनी निघालो. आपल्या वकिलातीत नाव-पत्ता नोंदवून ठेवला होताच. मुंबईचं थेट विमान होतं, वेळेवर सुटलं, निम्मं रिकामं. मी घाबरून निघालो. आईने फोनवर रडून सांगितलं हे खरं, पण तिने सांगितलं नसतं तरी निघालो असतो. निघताना एमायेंनी बुना केला, तीनही कप. विमानतळावर जायला दहा मिनिटं पुरत होती, तरी तासभर आधी दारात टॅक्सी उभी केली होती त्यांनी.

फेब्रुवारीत परत गेलो. ड्रायव्हर जानेवारीत सुटला होता. बरीचशी माणसं तेव्हाच सोडली. तो अंगणात पायरीवर बसला होता, फार वाळला होता. संस्थेने नोकरी ठेवली होती आणि मधल्या काळाचा पगारही दिला होता, हे इथे मुद्दाम लिहितो, वाटाड्या. कोठडीबद्दल तो काही बोलला नाही. मुंबईत ऊन किती असतं, असं विचारलं.

दुपारी एमायेंनी गवत पसरलं. दुसरा कप ओतून झाल्यावर आत जाऊन त्या भाचीचा फोन घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिला. त्यात अजून अमेरिकन वकिलातीचे निरोप येत होते. भाचीने त्यांच्या यादीतून आपलं नाव काढलंच नव्हतं. इंग्रजी त्यांना येत नाही, ड्रायव्हरला थोडं येतं, पण त्याला त्या विचारत नव्हत्या. शेवटचा निरोप सकाळचा होता.

“निघायला सांगतात का?” त्यांनी विचारलं.

मी वाचलं. सोमवारी सुट्टी असल्यामुळे वकिलातीची खिडकी बंद राहील, असं लिहिलं होतं. तसं सांगितलं.

त्यांनी फोन घेतला, पदराने पुसला, आणि तिसरा कप ओतला.